मंगरूबुवाची कानटोपी

बायकोला मी सगळं सांगितलं होतं. गिऱ्हाइकाच्या कापडातून अर्धा वार कापड मारलं ते सांगितलं, लग्नाआधी एका पोरीसाठी फुकटात पोलकं शिवलं तेही सांगून टाकलं. ती चिडली, दोन दिवस बोलली नाही, मग विसरली. पण ही गोष्ट – ही ओठापर्यंत यायची आणि मी आपला सुईत दोरा ओवायला लागायचो. ती गेली. आता मी बहात्तरचा झालो, सुईचं नाक दिसत नाही, त्यामुळे ती पळवाटही राहिली नाही. म्हणून तुला सांगून राहिलो. मधात "जाऊ द्या हो मास्तर, झालं ते झालं" म्हणू नको. त्यानं मला राग येतो. म्हणजे – राग माझाच येतो, निघतो दुसऱ्यावर.

मास्तर म्हणतात म्हणून शाळेचा समजू नको. मी टेलर मास्तर. बोदलकसा तलावाच्या पाण्याला लागून आमचं गाव. वरच्या अंगाला आम्ही पोवार – धान पिकवणारे, वाडवडील माळव्यातून आले म्हणून उगाच मिशीला पीळ देणारे. तलावाच्या अंगाला ढिवरांची घरं, मासोळीवर जगणारी. मला शेतात गोडी नव्हती. चिखलात पाय घालायचा म्हटला की अंगावर काटा. बापानं कपाळ बडवलं आणि शेवटी मशीन घेऊन दिली. चौकात टपरीएवढं दुकान टाकलं. कपडे शिवायचो, आणि कपड्यापेक्षा जास्त दंडारी लिहायचो.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. एकेका गावाचा एकेक दिवस. पाहुणेरावळे येतात, जिलेबी तळली जाते, पोरीबाळींची लग्नं तिथेच ठरतात, आणि भर दुपारी मैदानात दंडार उभी राहते – डफ, टिमकी, नाच, गाणं, सोंगं आणि मधामधात गंमत. गंमत नसली तर पब्लिक उठून चिवडा खायला जाते. ज्या गावाची दंडार चांगली त्या गावाचं वर्षभर नाव. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि मला नाव पाहिजे होतं. बस, रोग एवढाच. बाकी सगळं त्याच्यातूनच आलं.

आता फागूचं सांगतो. फागूचं सांगणं सोपं आहे.

मोठ्या लढाईच्या काळात आमच्या गावचे दोन ढिवर मुंबईला गोदीत हमाली करायला गेले होते. फागू आणि मंगरू. दोघंही पंचविशीच्या आतले. तुला माहीतच असेल, त्या लढाईत मुंबईच्या गोदीत दारूगोळ्यानं भरलेलं जहाज फुटलं होतं. किती माणसं मेली त्याचा नीट हिशेब कोणालाच नाही म्हणतात. फागू त्यातच गेला. त्याचं शरीर मिळालं नाही. त्याच्या आईनं पळसाच्या पानांचा माणूस करवला आणि तलावाच्या काठी तो जाळला. मंगरू परत आला. तो आला तो पूर्ण बहिरा होऊन.

आमच्या वेळेपर्यंत तो मंगरूबुवा झाला होता. पन्नाशी ओलांडलेला, काटक, लांब हातांचा. डोक्याला बारा महिने कानटोपी. स्फोटापासून कानात वारा गेला की त्याला सणक यायची. ती कानटोपी मी शिवायचो. दर वर्षी थंडीच्या आधी तो दुकानात यायचा, जुनी टोपी मशीनवर ठेवायचा आणि बसायचा. उरलेल्या चिंध्यांतून – लाल, हिरवी, छापाची, जे असेल ते – आत कापूस घालून मी त्याला नवी शिवून द्यायचो. असली रंगीबेरंगी टोपी अख्ख्या पंचक्रोशीत दुसऱ्याच्या डोक्यावर नव्हती. दुरून ओळखू यायचा. हे लक्षात ठेव, टोपीचं.

बहिऱ्याशी गप्पा कशा मारायच्या? तोच म्हणायचा, "तू मशीन चालव, मी बोलतो. तुहं तसंबी मले आयकू येत नाही, माहं तं तुले येते." आणि हसायचा. वर्षातून एकदा, टोपी होईपर्यंत, तो मला गोदीची गोष्ट सांगायचा. प्रत्येक वेळी तीच. एका शब्दाचा फरक नाही.

तलावात मासोळी कशी हाकतात, हे आधी सांगतो, नाही तर पुढचं कळणार नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की दोन जाणते गडी लागतात. एक जण दूर जाऊन पाण्यात टीन बडवत येतो. मासोळी बिचकते आणि आवाजाच्या पुढं पळत सुटते. दुसरा गडी जाळ्याच्या तोंडावर पाय रोवून उभा राहतो, तोंड उघडं धरून. सगळा खेळ त्या तोंडावरच्या गड्यावर. तो हलला की जाळं मिटलं आणि मेहनत पाण्यात. म्हणून तिथं कोणालाही उभं करत नाहीत. विश्वासाचा माणूस लागतो, आणि ढिवरांत नियम असा की हाकणारा बाहेर आल्याशिवाय तोंडावरच्यानं हलायचं नाही.

तर गोदीत त्या दिवशी दुपारपासून जहाजातून धूर निघून राहिला होता. कापसाच्या गाठी पेटल्या, असं जो तो म्हणे. पंप लावून पाणी मारून राहिले होते. हमाल काम सोडून मजा पाहत उभे. बाजूच्या लांब गोदामांत बाया होत्या, पोत्यांतून सांडलेलं धान्य झाडून गोळा करणाऱ्या. त्यांना कोण सांगायला जातो? तेवढ्यात एक पहारेकरी पळत गेला आणि जाता जाता ओरडला, की खाली बारूद आहे. ज्यांनी ऐकलं ते पळाले. तुझ्यामाझ्यासारखं कोणीही पळालं असतं.

फागूनं रॉकेलचा रिकामा टीन उचलला. हमालाचा लोखंडी आकडा हातात होताच. मंगरूला म्हणाला, या बाया बोलण्यानं निघत नाहीत, मासोळी हाकतो तशा हाकू. तू फाटकाच्या तोंडावर राहा. मंगरूनं त्याला एक वाक्य सांगितलं. ते वाक्य – ते मला आत्ता सांगवत नाही. पुढं सांगतो.

आणि फागू टीन बडवत गोदामात शिरला. कानठळ्या बसवणारा आवाज, बाया घाबरून बाहेर. पहिलं गोदाम खाली झालं, दुसरं झालं. गोदामांच्या आवाराचं मोठं फाटक बंद होतं, त्यातली बारकी दिंडी तेवढी उघडी. त्या दिंडीत मंगरू पाय रोवून उभा. बाया धान्याचं गाठोडं सोडायला तयार नाहीत, गाठोडं दिंडीत अडकायचं, हा गाठोडं हिसकायचा, बाईला दंडाला धरून बाहेर फेकायचा. किती जणी काढल्या? बुवा म्हणायचा, मासोळी कोणी मोजते काय? फागू तिसऱ्या गोदामात गेला. शेवटचं होतं. आतून टीन वाजत होता. मग जहाज फुटलं.

"शेवटचा आवाज मी फागूच्या टिनाचा आयकला," बुवा सांगायचा. "मंग आजपर्यंत काईच नाही आयकलं. बेस झालं. तोच कानात रायला."

एवढं सांगून तो टोपी डोक्यात घालायचा आणि जायचा. फुटल्यावरही तो त्या दिंडीतून हलला नव्हता. कानातून रक्त वाहत होतं, भिंत अर्धी पडली होती, आणि हा तोंड धरून उभा. शेवटी शिपायांनी ओढून नेला. हे त्यानं मला सांगितलं. गावात पुरतं हे कोणाला माहीत नव्हतं, कारण फुशारकी मारायची त्याला सवय नव्हती. आणि बहिऱ्याचं बोलणं ऐकत बसायला कोणाला वेळ होता? घरी त्याची पोरगी सायत्रा, तिला आणि मला माहीत. म्हणजे गावात तोंड उघडू शकेल असा मी एकटाच मोठा माणूस होतो.

त्या वर्षी मी फागूवर दंडार लिहिली. झकास विषय, कोणी केलेला नाही. आधी जशी ऐकली तशीच लिहिली. एक हाकणारा, एक तोंडावरचा. तालमीला उभी केली तर – काय सांगू – थंडगार. दोघंही शहाणे, दोघंही शूर. आमचेच गडी जांभया देऊन राहिले. गंमत कुठं घालू? शूर माणसाची गंमत होत नाही. आणि शेजारच्या गावाच्या दंडारीत त्या वर्षी एक असा सोंगाड्या होता की लोक पोट धरून लोळायचे.

कोणी मला सुचवलं नाही, बरं का. मी कोणाचं नाव घेऊन सुटणार नाही. दुकानात बसून, पायडल मारता मारता, माझ्याच डोक्यात आलं – दिंडीतल्या गड्याला भित्रा केला तर?

झालं! लेखणी जी सुटली ती सुटलीच. गडी दिंडीत उभा राहून हातवारे करतो, बाहेर जातो, आत येतो, पुन्हा बाहेर जातो, आणि बोलतो – "बायांनो, मांग सरा! माह्या घरी कढी थंडी होऊन राहिली!" आणि शेवटी, फागू तिसऱ्या गोदामाकडे वळतो तेव्हा हा ओरडतो, "फागू, तू मर, मी गावात खबर देतो!" तालमीत ढोलकीवाला हसता हसता मागं पडला. तेव्हाच मला कळलं की यंदा मंडई आपली.

मी त्या गड्याचं नाव मंगरू ठेवलं नाही. झंपू ठेवलं. पुढं चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी मनाला हेच सांगत आलो – नाव तर घेतलं नाही ना? पण नाव न घेता मी काय केलं? मशीनवर बसलो, खालच्या पेटीतल्या चिंध्या काढल्या, लाल, हिरवी, छापाची, आणि बुवाच्या टोपीची जोडीदार टोपी शिवली. झंपूच्या डोक्यासाठी. आत कापूससुद्धा घातला. गरज काय होती? दुपारच्या उन्हात तो नट घामानं निथळत होता बिचारा. पण टोपी दिसली रे दिसली, की झंपू कोण हे लहान लेकरालाही कळणार होतं. मला तेच पाहिजे होतं. ओळखीच्या माणसावर लोक जास्त हसतात.

आणि आणखी एक. आमच्या आळीतल्या एखाद्या पाटलाच्या काकाला मी असा नाचवला असता काय? हात तोडून हातात दिले असते लोकांनी. मंगरू ढिवर होता, बहिरा होता, भांडायला येणारा नव्हता. मी ते जोखलं होतं. कापड जोखावं तसं जोखलं होतं.

आमच्या गावच्या मंडईला बुवा सगळ्यांच्या आधी येऊन पुढच्या सतरंजीवर बसला. धुतलेलं धोतर, डोक्यावर माझी टोपी. फागूची दंडार आहे हे त्याला मीच खुणेनं सांगितलं होतं, हाकण्याची खूण करून. किती खुश झाला होता! बाजूला सायत्रा, बारा-तेरा वर्षांची, हातात जिलेबीचा कागद.

दिंडीचा प्रवेश आला. झंपू टोपी घालून पाय रोवून उभा राहिला आणि मैदान फुटलं. लोक एकदा झंपूकडे पाहत, एकदा बुवाकडे. शिट्ट्या, आरोळ्या. बुवाला शब्द ऐकू येत नव्हते. त्याला दिसत होता दिंडीत उभा असलेला, हात हलवणारा एक गडी, स्वतःसारखी टोपी घातलेला. लोक हसताहेत म्हणून तोही हसला. मागं वळून वळून हसला. मी पडद्याआडून पाहून राहिलो होतो. सायत्राच्या हातातली जिलेबी तशीच होती.

तेव्हा मला लाज वाटली असं सांगितलं तर तुला बरं वाटेल. नाही वाटली. मी टाळ्या मोजून राहिलो होतो.

इथपर्यंतचं, तसं पाहिलं तर, गावाला माहीतच आहे. मास्तरनं बहिऱ्या मंगरूची गंमत केली, इतकंच त्यांना माहीत. मी जे लपवलं ते याच्या पुढचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवा दुकानात आला. दोरीत ओवलेल्या दोन मरळी हातात, अजून तडफडत होत्या. मशीनच्या कडेला ठेवल्या. बसला. आणि विचारलं, "मास्तर, तो माह्या टोपीचा गडी, तो काय बोलत होता रे? लोक लय हासले."

मशीन बंद होती. चौकात कोणी नव्हतं. तो माझ्याकडे पाहून राहिला होता आणि मी त्याच्याकडे. भाऊ, ती माझी वेळ होती. कान धरायचे होते, मान खाली घालायची होती, बस. बहिऱ्याला तेवढं कळतं. पाय धरले असते तरी चौकात पाहणारं कोणी नव्हतं.

मी काय केलं? मी त्याच्याकडे बोट दाखवलं. मग छाती ठोकली. मग दंडाला धरून बाया बाहेर काढल्याची खूण केली. आणि मग उभा राहून त्याला सलाम ठोकला. म्हणजे काय, की आम्ही तुझी वाहवा केली बुवा. तू शूर. पब्लिक खुशीनं हसली.

तो माझे हात पाहत होता. मग तोंडाकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं, असं मला वाटलं, पण मी लगेच सुईकडे वळलो. तो म्हणाला, "बेस." उठून गेला. मासोळ्या राहिल्या. त्या मी घरी नेल्या, आईनं मस्त रस्सा केला, आणि मी चवीनं खाल्ल्या. काटेही चोखले.

त्या हंगामात आमची दंडार आणखी नऊ मंडयांत झाली. नऊच्या नऊ वेळा बुवा आला. पाच-पाच कोस पायी, पोरीला घेऊन. पुढच्या सतरंजीवर बसायचा, माझ्या टोपीसकट. लोक खुश – खरा झंपूच समोर बसलेला, आणखी काय पाहिजे? मीही खुश. मी मनाशी म्हणायचो, पाहा, त्याला आवडलं म्हणून तर येतो! माझं खोटं त्याला गोडच लागलं, वाईट काय झालं? दिंडीचा प्रवेश संपत आला की तो पोरीकडे पाहायचा. ती मान हलवायची, तोंडावरची माशी उडवावी तशी. मला वाटायचं, जिलेबीच्या माश्या असतील.

"फागू, तू मर, मी खबर देतो" हे वाक्य लेकरांच्या तोंडी बसलं. बुवा रस्त्यानं निघाला की मागून आरोळी. तो आपला ताठ चालत राहायचा. बाजूला चालणारी सायत्रा मात्र ऐकायची.

उन्हाळ्यात पाणी उतरलं. ढिवरांनी जाळी काढली. बुवा, परत आल्यापासून जसा दर वर्षी उभा राहायचा तसा, तोंडावर जाऊन उभा राहिला. तर एक नव्या दमाचा गडी म्हणाला, "आबाजी, तुमी काठावर बसा. नाई तं मधातच खबर देयाले जासान." सगळे हसले. वाईट मनानं नाही, गमतीनंच. पण त्याच्या खांद्याला धरून त्याला पाण्याबाहेर आणलं आणि तोंडावर दुसरा उभा केला. बुवा काठावर बसून मासोळ्या निवडत राहिला. त्या दिवसापासून मरेपर्यंत त्याला कोणी तोंडावर उभं केलं नाही. मुंबईच्या आगीत जी जागा त्यानं सोडली नव्हती, ती गावच्या तलावात माझ्या एका वाक्यानं गेली.

हे मला एका गिऱ्हाइकानं दुकानात सांगितलं, हसत हसत. आणि मीही हसलो. खरंच हसलो. गिऱ्हाईक गेल्यावर मात्र एका सदऱ्याची बाही उलटी जोडली, ती उसवत बसलो.

पुढच्या थंडीत बुवा टोपी शिवायला आला नाही. मी वाट पाहिली. जुनीच घालून फिरायचा, शिवण उसवलेली, कापूस बाहेर आलेला. काऊन आला नाही, हे मी कोणाला विचारलं नाही. म्हातारपण, दुसरं काय, असं मनाला सांगितलं. एके दिवशी बसून त्याच्या मापाची नवी टोपी शिवली. सायत्राच्या हाती पाठवू म्हटलं. आज पाठवू, उद्या पाठवू. चार हिवाळे गेले आणि बुवाच गेला. मातीला गेलो होतो. मागं उभा राहिलो, पुढं झालो नाही. ती टोपी अजून मशीनच्या खणात आहे.

मग मी दंडार सोडली. लोक म्हणायचे, मास्तर, काऊन सोडलं, हात चांगला होता तुमचा. मी म्हणायचो, लग्न झालं बाप्पा, पोट आहे. तिरोड्यात मोठं दुकान टाकलं, पोरं शिकली. गोष्ट दबली. असं मला वाटलं.

यंदा गावातल्या पोरापोरींनी तलावाच्या काठी फागूच्या नावाचा फलक लावायचं ठरवलं. चांगली गोष्ट. मोबाइलवर फोन आला – काका, तुमची ती जुनी दंडार पुन्हा करतो, वही आहे का? वही होती. पानं पिवळी पडली होती, म्हणून मी चष्मा लावून चार दिवस बसलो आणि अख्खी दंडार नव्या वहीत उतरवून काढली. हातात पेन माझंच होतं. झंपूचं पान आलं, तेव्हा समोर कोणी उभं नव्हतं, कोणाची भीती नव्हती, टाळ्यांची भूकही आता राहिली नव्हती. तरी मी काय केलं? अक्षर सुधारलं. खोटं तसंच ठेवलं. कारण बदललं असतं तर पोरांनी विचारलं असतं, काका, हे काऊन बदललं?

मंडईच्या दिवशी मला मंचावर बसवलं, शाल दिली, नारळ दिला. दिंडीचा प्रवेश आला. झंपू बाजारातली माकडटोपी घालून आला. आता टोपीचा अर्थ कोणाला माहीत? पण वाक्य तेच, आणि हसणंही तेच. लोक मोबाइल वर धरून हसत होते. पुढच्या सतरंजीवर सायत्रा बसली होती. केस पांढरे झाले तिचे. "फागू, तू मर" झालं, आणि तिनं बाजूच्या रिकाम्या जागेकडे पाहून मान हलवली. माशी उडवावी तशी. थंडीच्या दिवसांत माशी कुठली?

दुसऱ्या दिवशी ती माझ्या घरी आली. शिवायचं काही आणलं नव्हतं. उभ्या उभ्याच बोलली, आणि आवाज चढवला नाही.

"मास्तर, पयल्या मंडईच्याच दिवशी मीनं बाबाले घरी झंपूचं सप्पा काही करून दाखवलं होतं. मासोऱ्या घेऊन तुमच्याकडे आला, तई त्याले सप्पा मालूम होतं. तुमी काय सांगता, ते पाह्याले आलता."

मी विचारलं – "मग नऊ गावं कायले आला तो?"

"मीबी हेच मनलं. कायले जाता मनलं, लोक हासतेत. तं मने, मास्तर लहान आहे अजून. एखाद्या गावात बरोबर करन. मले तं आयकू येत नाही, तू आयकत जा आन् मले सांगत जा, केलं का मनून. नऊ डाव मी नाही अशी मान हालवली, मास्तर. काल दहावा."

बस म्हटलं तर बसली नाही. पाणी दिलं, ते तसंच ठेवलं. गेली.

त्याला सुरुवातीपासून सगळं माहीत होतं. मी सलाम ठोकत होतो, तेव्हाही माहीत होतं. तरी "बेस" म्हणाला. मासोळ्या परत नेल्या नाहीत. मग नऊ गावं पुढच्या सतरंजीवर बसून, सगळ्यांच्या हसण्यात हसत, त्यानं माझी वाट पाहिली.

फलक लागला आहे. त्यावर फागूचं नाव आहे, एकट्याचं.

ते वाक्य राहिलं. वहीत त्या पानावर, फागू टीन उचलून वळतो त्याच्या आधी, दोन ओळींच्या मधात जागा आहे. जुन्या वहीत होती, नव्या वहीतही सोडलेली आहे. तिथं दिंडीतल्या गड्यानं बोलायचं होतं. बुवानं मला ते दर थंडीत, मशीनवर हात ठेवून, चाक थांबवून सांगितलं होतं –

"तू हाक, फागू. तू बाहेर येईस्तोवर मी तोंडावरून हालत नाही."